नाक्यावर गाडी अडविली तर : व्यापारी व कारागिरांनी माहीत ठेवावयाचे हक्क

परभणीहून जिंतूरला जाताना वाटेत झरी हे गाव लागते. या पट्ट्यातील कापडवाले, भांडीवाले, चप्पलवाले, बांगडीवाले, फळविक्रेते, कुरेशी व्यापारी, लोहार आणि सुतार यांचा अर्धा धंदा दुकानात आणि अर्धा रस्त्यावर असतो. पहाटे माल भरायचा, बाजार गाठायचा आणि अंधार पडता पडता परत फिरायचे. या येण्याजाण्यात कधी तरी नाकाबंदी लागते. शिट्टी वाजते, गाडी बाजूला घ्यायला सांगतात, आणि इथे आपली माणसे दोनपैकी एक चूक करतात.

पहिली चूक घाबरण्याची. कागद खिशात असूनही माणूस गडबडतो, नको ते बोलतो, शंभर-दोनशेची नोट पुढे करतो किंवा कोऱ्या कागदावर सही करून मोकळा होतो. दुसरी चूक चिडण्याची. "मला ओळखत नाही का" असे म्हणत तो हुज्जत घालतो आणि साध्या तपासणीचे रूपांतर सरकारी कामात अडथळा आणल्याच्या गुन्ह्यात होते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. समोरच्या माणसाला काय विचारण्याचा अधिकार आहे आणि आपल्याला काय मागण्याचा अधिकार आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

आजचा धडा एका वाक्यात सांगायचा तर असा : अधिकाऱ्याचा कायदेशीर हुकूम पाळा, परंतु जे दिले, जे घेतले गेले आणि जे घडले त्याचा कागद मागितल्याशिवाय राहू नका. हक्क आरडाओरड्याने टिकत नाही, कागदाने टिकतो.

कायदा बदलला आहे

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८६० चे भारतीय दंड विधान हे दोन्ही कायदे १ जुलै २०२४ पासून बदलले. त्यांच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय न्याय संहिता लागू झाल्या. त्यामुळे जुन्या जाणकारांनी पाठ केलेले कलमांचे आकडे आता चालत नाहीत. हक्क मात्र बहुतांश तेच आहेत आणि काही वाढलेही आहेत. खाली दिलेले आकडे नव्या कायद्याचे आहेत.

पोलिसांच्या बाजूने वाढलेली एक तरतूदही सांगितली पाहिजे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ नुसार पोलिसांनी कर्तव्य बजावताना दिलेल्या कायदेशीर सूचना पाळणे बंधनकारक आहे. न पाळणाऱ्यास ते ताब्यात घेऊ शकतात. किरकोळ प्रकरणात मात्र त्यास शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत सोडावे लागते. म्हणून "थांबा" म्हटले की थांबावे. गाडी पळविणे हा हक्क नव्हे, तो आत्मघात आहे.

अडविण्याचा अधिकार कोणाचा?

गणवेशातील पोलीस, परिवहन विभागाचा अधिकारी आणि जीएसटी विभागाचा अधिकृत अधिकारी आपापल्या कायद्यानुसार वाहन थांबवू शकतात. अधिकारी साध्या कपड्यात असेल तर ओळखपत्र मागणे यात उद्धटपणा काही नाही. "साहेब, आपले नाव आणि ठाणे सांगता का? मला माझ्या वहीत लिहायचे आहे," एवढे वाक्य पुरे.

खासगी माणसाला रस्त्यावर गाडी अडविण्याचा, ताडपत्री उचलण्याचा किंवा कागद तपासण्याचा अधिकार नाही, मग त्याने गळ्यात कोणताही पट्टा घातलेला असो. कलम ४० नुसार खासगी व्यक्ती एखाद्यास पकडू शकते, पण त्याने तिच्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा केला असेल किंवा तो फरारी घोषित आरोपी असेल तरच. त्यानंतर त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. मारहाण करणे, पैसे उकळणे, माल उतरविणे हे सारे गुन्हेच आहेत.

हा धोका कल्पनेतला नाही. नाशिक जिल्ह्यात जून २०२३ मध्ये जनावरे वा मांस नेल्याच्या संशयावरून दोन वेगवेगळ्या घटनांत दोघांचा बळी गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेत एका वृद्धास अशाच संशयावरून मारहाण झाली. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यभरातील कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी बंद ठेवली, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार रस्त्यावरील याच अडवणुकीची होती.

अशा वेळी गाडीची दारे व काचा बंद ठेवून ११२ वर फोन लावावा, नेमके ठिकाण सांगावे आणि घरच्यांनाही कळवावे. जमावाशी वाद घालू नये. "पोलीस येऊ द्या, कागद त्यांनाच दाखवीन," हेच एक उत्तर द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला प्रकरणात जमावाची हिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला विशेष अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. आपल्या संघटनेने परभणीत हा अधिकारी कोण आहे याची लेखी माहिती मागवून सभासदांना द्यावी.

वाहनाचे कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने परवाना दाखविला पाहिजे. नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण दाखला तयार ठेवावा. मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे परमिटही लागते. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानंतर हे कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखविलेले चालतात. केवळ मोबाइलमध्ये काढलेला फोटो मात्र चालेलच असे नाही.

अधिकाऱ्याने परवाना ठेवून घेतल्यास कायद्याने त्याची तात्पुरती पावती मिळाली पाहिजे. ती हातात आल्याशिवाय निघू नये. दंड मान्य असेल तर ई-चलान घ्यावे. मान्य नसेल तर तसे सांगावे आणि न्यायालयात बाजू मांडावी. पावतीविना दिलेला पैसा दंड नव्हे. तो देणाऱ्यालाही अडचणीत आणतो. लाच मागितल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

मालाचे कागद

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि राज्याराज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके उठले. त्यांच्या जागी फिरती पथके आली. त्यामुळे हैदराबाद किंवा निजामाबादहून नांदेडमार्गे माल आणणाऱ्याने असे समजू नये की सीमा ओलांडली म्हणजे सुटलो. तपासणी कोठेही होऊ शकते.

करपात्र माल दुसऱ्या राज्यातून येत असेल आणि किंमत ५० हजार रुपयांहून अधिक असेल तर ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख रुपये आहे. मर्यादेच्या आतील मालास ई-वे बिल नसले तरी खरेदीचे बिल जवळ हवेच. कारागिराकडे काम करून देण्यासाठी माल जात असेल तर डिलिव्हरी चलन हवे. ते नसेल तर शिंप्याकडे जाणारे तागे आणि चोरीचे तागे यांत फरक दाखवायचा कसा?

तपासणी जीएसटी अधिकाऱ्याने केली तर तिचेही नियम आहेत. चालकाचा जबाब लिहून घेतला जातो, माल मोजायचा असेल तर लेखी आदेश द्यावा लागतो. गाडी ३० मिनिटांहून अधिक अडवून ठेवली तर वाहतूकदार ई-वे बिलाच्या पोर्टलवर ईडब्ल्यूबी-०४ या नमुन्यात तशी नोंद करू शकतो. तपासणीचा संक्षिप्त अहवाल अधिकाऱ्याने २४ तासांत आणि अंतिम अहवाल तीन दिवसांत भरावयाचा असतो. माल अडकवून ठेवल्यास सात दिवसांत नोटीस आणि नोटिशीनंतर सात दिवसांत आदेश निघाला पाहिजे. मालाचा मालक पुढे आला तर करपात्र मालावर कराच्या दोनशे टक्के दंड होतो. मालक पुढे न आल्यास मालाच्या किमतीच्या निम्मी रक्कम किंवा कराच्या दोनशे टक्के, यांत जे अधिक असेल ते भरावे लागते. म्हणून भीतीपोटी "माल माझा नाही" असे म्हणणे सर्वांत महाग पडते.

झडती, जप्ती आणि पंचनामा

चोरीचा किंवा गुन्ह्याशी संबंधित असल्याचा संशय आल्यास पोलीस कलम १०६ खाली वस्तू ताब्यात घेऊ शकतात. परंतु त्याची माहिती दंडाधिकाऱ्यास द्यावी लागते. आता कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे, तसेच वस्तूंची यादी करून साक्षीदारांच्या सह्या घेण्याचे दृकश्राव्य चित्रीकरण करणे बंधनकारक आहे. ते मोबाइलवरही करता येते. "साहेब, यादी करताना चित्रीकरण चालू आहे ना?" असे नम्रपणे विचारावे.

यादीत "कापडाचे गठ्ठे" एवढेच लिहिले असेल तर नग, मीटर आणि बिलाचा क्रमांक लिहिण्यास सांगावे. रोख रक्कम असेल तर कोणत्या नोटा किती, हे लिहून घ्यावे. पंचनामा वाचावा. वाचता येत नसेल तर वाचून दाखविण्यास सांगावे. मोकळ्या जागेवर रेघ मारावी आणि मगच सही करावी. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, शालीनता राखून घेतली पाहिजे. जप्त माल सोडविण्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. फळे, भाजी, कातडी यांसारखा नाशवंत माल असेल तर त्याच दिवशी वकिलामार्फत अर्ज द्यावा.

कारागिरांना एक सूचना. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे हत्यार परवान्याशिवाय बाळगता येत नाही. मात्र घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनविलेली अवजारे यातून वगळली आहेत. तरीही सुरे, विळे, पटाशी पेटीत गुंडाळून न्यावेत आणि सोबत दुकानाचा परवाना किंवा कामाची पावती ठेवावी. सण-निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई हुकूम निघतात. त्या दिवसांत तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

जनावरांची वाहतूक

४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. कत्तलीसाठी त्यांची ने-आण करण्यासही बंदी आहे. शेतीसाठी बैलजोडी विकत घेऊन नेण्यास बंदी नाही. म्हैस व रेडा या बंदीत येत नाहीत, पण त्यांच्या कत्तलीसाठी दाखला लागतो. या कायद्याखाली गाडी थांबवून तपासण्याचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरील पोलीस अधिकाऱ्यास, अथवा शासनाने नेमलेल्या व्यक्तीस आहे. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम ९ ब रद्द ठरविले. त्याविरुद्धची अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत.

सोबत बाजार समितीची खरेदी पावती, जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक, पशुवैद्यकाचा दाखला आणि घेणाऱ्या शेतकऱ्याचे नाव-गाव असावे. गाडीत मर्यादेहून अधिक जनावरे कोंबू नयेत. तो गुन्हा वेगळा आहे आणि त्यात आपली बाजू खरोखरच लंगडी पडते.

"ठाण्यात चला" म्हटले तर

प्रथम शांतपणे विचारावे, "साहेब, मला अटक आहे की चौकशीला बोलाविले आहे?" या एका प्रश्नावर पुढचे सारे अवलंबून असते.

साक्षीदार म्हणून बोलवायचे असेल तर कलम १७९ नुसार लेखी आदेश हवा. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील व्यक्ती आणि गंभीर आजारी यांना राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेता येत नाही, हे कलम १८१ सांगते. पंचनामा, पावती आणि अटकेचा मेमो यांवरील सही वेगळी. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, ही तर घटनेच्या कलम २०(३) ची हमी आहे. नाव-पत्ता मात्र खरा सांगावा. खोटे सांगणे हा गप्प राहण्याचा हक्क नव्हे.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करावयाची नसते. अटकेची गरज का आहे ती कारणे लिहावी लागतात. गरज नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस दिली जाते. अशी नोटीस आल्यास ठरल्या वेळी हजर राहावे, टाळू नये. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ६० वर्षांवरील किंवा दुर्बल व्यक्तीस उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

अटक झालीच तर

सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये अकरा नियम घालून दिले. त्यांतील बरेचसे आज कायद्यातच आहेत. अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा मेमो करून त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष घेतली पाहिजे. नातलग किंवा मित्र यांपैकी कोणाला तरी ताबडतोब कळविले पाहिजे. वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. चौकशीदरम्यान वकिलास भेटता येते. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत. लगेच शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी ती मिळाली पाहिजेत.

दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहिल्यावर गप्प बसू नये. मारहाण झाली असल्यास तेथेच सांगावे आणि नोंद करण्याची विनंती करावी. कोठडीतील व्यक्तीस मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा.

या नियमांचे मोल परभणीकरांना दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस याला डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर स्फोट प्रकरणात ताब्यात घेण्यात आले आणि जानेवारी २००३ नंतर तो कोणाला दिसला नाही. तो वाटेत जीपमधून पळाला, असे पोलिसांनी सांगितले. प्रकरण पोलिसांवरील खुनाच्या खटल्यापर्यंत गेले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये परभणीतील दंगलीनंतर अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच्या आईने न्यायालयाचे दार ठोठावले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. एक मुस्लिम, एक आंबेडकरी. दोघांच्याही आयांना न्यायालयात झगडावे लागले. हा प्रश्न एका समाजाचा नाही, हे यावरून समजावे. आणि पहिल्या तासात घरच्यांना का कळले पाहिजे, वेळ का लिहिली पाहिजे, हेही समजावे.

घरी परतल्यावर

त्याच रात्री वहीत लिहावे : तारीख, वेळ, ठिकाण, अधिकाऱ्याचे नाव किंवा गाडीचा क्रमांक, काय मागितले, काय दिले, कोण साक्षीला होते. इजा झाली असल्यास सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद घ्यावा. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर कलम १७३(४) नुसार ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी. पोचपावती जपावी. तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचाही मार्ग आहे. प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे लावून चित्रण १८ महिने ठेवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा आदेश आहे. म्हणून ठाण्यात काही घडले असेल तर ते चित्रण जतन करण्याची मागणी पहिल्या अर्जातच करावी.

शेवटी एक काम सांगतो. येत्या बाजाराच्या आधी एक प्लास्टिकची फाइल घ्या. तिच्यात वाहनाचे कागद, मालाची बिले आणि दुकानाचा परवाना ठेवा. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर वकिलाचा आणि घरचा क्रमांक, तसेच ११२, १०६४ आणि १५१०० हे क्रमांक लिहून चालकाच्या खिशात द्या. मोबाइल काढून घेतला गेला तर त्यातील क्रमांक उपयोगी पडत नाहीत. आणि गाडीवर मुलगा किंवा नोकर जात असेल तर त्याला चार वाक्ये पाठ करून घ्यायला सांगा :

"साहेब, हे कागद."

"साहेब, कोणत्या कलमाखाली?"

"साहेब, याची पावती द्या."

"साहेब, माझ्या घरी कळवा."

आवाज खालचा असावा, शब्द मात्र स्पष्ट असावेत. एवढे जमले तरी निम्मी अडवणूक रस्त्यावरच संपेल, आणि उरलेल्या निम्मीविरुद्ध लढायला हातात कागद असेल.